एक सरळ रस्ता, दहा रात्री, दोघेजण: इटलीतील व्हिया एमिलियाचा खाद्यप्रवास कसा आखावा

इसवी सनपूर्व 187 मध्ये मार्कुस एमिलियुस लेपिदुस या रोमन कॉन्सलने ॲड्रियाटिक समुद्राकाठच्या रिमिनीपासून पो नदीकाठच्या प्याचेन्झापर्यंत एक रस्ता बांधवला. त्या रस्त्यावर साधारण अडीचशे किलोमीटरच्या अंतरात आजही दर वीस-तीस किलोमीटरवर एकेक जुने शहर लागते: पार्मा, रेज्जो, मोदेना, बोलोन्या, इमोला, फाएन्झा, फोर्ली, चेझेना. रस्त्याचे नाव व्हिया एमिलिया. एमिलिया-रोमान्या या प्रांताच्या नावातला पहिला अर्धा भाग त्याच्यावरूनच आला, आणि सरकारी नोंदीत आज तो 9 क्रमांकाचा महामार्ग आहे. पार्मिजानो चीज, पार्माचे हॅम, मोदेनाचा बाल्सामिक सिरका, बोलोन्याच्या ताल्यातेल्ले या पास्त्याच्या पट्ट्या आणि रोमान्याची पियादिना ही रोटी हे सगळे या एका जवळजवळ सरळ रेषेवर पिकते, मुरते, लाटले जाते आणि भाजले जाते.

बारा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या सहली ज्यांना मानवतात त्यांनी त्या अवश्य कराव्यात. परंतु दोघांनीच गाडी घेऊन निघायचे असेल आणि खाणे हा प्रवासाचा मुख्य हेतू असेल, तर कमी किलोमीटर हीच पहिली अट मानावी, असे माझे स्पष्ट मत आहे. इटलीत दुपारचे जेवण साडेबारा ते अडीच या वेळातच मिळते. त्या वेळी तुम्ही महामार्गावर असाल तर त्या दिवसाचे एक जेवण गेलेच, आणि दहा दिवसांत अशी जेवणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात. पुढील आखणी दहा रात्रींची आहे: बोलोन्यात दोन, पार्माजवळ तीन, मोदेनाजवळ दोन आणि रोमान्यात तीन. मी अंडे खाणारी शाकाहारी आहे आणि नवरा सर्व काही खातो; गाडी मी चालवते आणि नकाशा त्याच्या हाती असतो. त्यामुळे दोन्ही ताटांचा आणि दोन्ही आसनांचा विचार या लेखात आपोआप आला आहे.

केव्हा जावे

एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, अथवा सप्टेंबर आणि ऑक्टोबर. पो नदीच्या खोऱ्यातला उन्हाळा दमट आणि तापलेला असतो, हिवाळ्यात दाट धुके पडते आणि ते नवख्या चालकासाठी धोक्याचे आहे. 15 ऑगस्टच्या आसपास तर निम्मी उपाहारगृहे आणि कारखाने बंद असतात. जूनच्या सुरुवातीला गेलात तर मोदेनाजवळच्या व्हिन्योला गावच्या चेरी मिळतात. सप्टेंबरमध्ये द्राक्षांची तोडणी चालू असते. आठवड्याचा वारही पाहावा, कारण अनेक संग्रहालये आणि खाणावळी सोमवारी बंद असतात. सोमवार हा एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी जाण्याचा दिवस ठेवला, तर काहीच वाया जात नाही.

कागदपत्रे

शेंगेन, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या सामायिक, व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. प्रत्यक्षात दोन-अडीच महिने हाताशी ठेवावेत. संपूर्ण प्रवास इटलीतच असल्याने अर्ज इटलीकडेच करायचा, हा एक-देशी आखणीचा आणखी एक फायदा. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो आहे, सेवाकेंद्राचे शुल्क निराळे. किमान 30,000 युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा. 12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावर विमान बदलणार असाल तर ही तपासणी तिथेच होते, म्हणून दोन विमानांमध्ये तीन तासांचे अंतर ठेवावे.

गाडीसाठी दुसरा कागद लागतो तो वाहन चालवण्याच्या आंतरराष्ट्रीय परवान्याचा. आपल्या आरटीओमार्फत तो मिळतो, अर्ज परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर सुरू करता येतो आणि त्याची मुदत एक वर्ष असते. इटलीत तो मूळ भारतीय परवान्यासोबतच ग्राह्य धरला जातो, म्हणून दोन्ही जवळ ठेवावेत. दोघेही गाडी चालवणार असाल तर दोघांचेही परवाने काढावेत. एकालाच चालवता येत असेल आणि त्याला ताप आला, तर खेड्यातल्या मुक्कामावरून औषधाच्या दुकानापर्यंत जाणेसुद्धा अवघड होते.

गाडी कोणती आणि कुठून

बोलोन्यात पहिल्या दोन रात्री गाडी घेऊच नये. शहर पायी फिरण्याचे आहे, गाडी उभी करण्याचे भाडे बरेच असते, आणि रात्रभराच्या विमानप्रवासानंतर उलट्या बाजूने गाडी चालवणे हा निव्वळ अविचार आहे. विमानतळ ते मुख्य रेल्वे स्थानक हे अंतर एकरुळी गाडीने सात-आठ मिनिटांत पार होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच गाडीने विमानतळावर परत यावे, तिथून भाड्याची गाडी घ्यावी आणि शेवटी तिथेच सोडावी, म्हणजे दुसऱ्या शहरात गाडी सोडण्याचे जादा शुल्क पडत नाही आणि शहराच्या गर्दीतून वाट काढावी लागत नाही.

युरोपात हातगिअरची गाडी हीच सर्वसाधारण समजली जाते. ऑटोमॅटिक हवी असेल तर आरक्षण करतानाच तसे मागावे लागते आणि ती महाग पडते. तरीही पहिल्यांदा उजव्या बाजूने चालवणाऱ्याने ते पैसे खर्च करावेत, असा माझा सल्ला आहे. गिअर उजव्या हाताला, आरसा वेगळ्या कोनात आणि गोलचक्करातली वाहतूक घड्याळाच्या उलट दिशेने, एवढ्या तीन गोष्टी पहिल्या दिवशी पुरेशा असतात. त्यात क्लचची भर नको. गाडी लहान घ्यावी, कारण जुन्या गावांच्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या आहेत. मुख्य चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड लागते आणि त्यावर अनामत अडकवून ठेवली जाते, म्हणून कार्डाची मर्यादा आधी तपासावी. विम्यात अपघातानंतर आपल्या खिशातून किती रक्कम जाणार, हा आकडा करारात शोधून वाचावा. गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, चाकांच्या कडा, काच आणि इंधनाचा काटा यांचा संथपणे चित्रफितीत टिपलेला पुरावा ठेवावा; परत करतानाही तेच करावे.

रस्त्याचे नियम, आणि त्यातला एक सापळा

मोटरवेवर वेगमर्यादा ताशी 130 किलोमीटर, पावसात 110. दुभाजक असलेल्या मोठ्या रस्त्यांवर 110, इतर ग्रामीण रस्त्यांवर 90 आणि वस्तीत 50, फलक याहून कमी सांगत असेल तर फलक खरा. वस्तीबाहेर दिवसाही हेडलाइट लावलेले असावे लागतात. मोटरवेच्या काही भागांत दोन बिंदूंमधला सरासरी वेग मोजतात, त्यामुळे कॅमेरा दिसताच ब्रेक मारण्याची आपली सवय तिथे कामाची नाही. रक्तातल्या मद्याची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे आणि परवाना मिळून तीन वर्षे न झालेल्यांना ती शून्य आहे. लांब्रुस्को अथवा सांजोवेझे ही इथली वाइन चाखायची असेल, तर त्या दिवशी कोण चालवणार हे सकाळीच ठरवावे.

टोलनाक्यावर प्रवेश करताना चिठ्ठी घ्यायची आणि बाहेर पडताना पैसे भरायचे, अशी पद्धत आहे. पिवळ्या फलकाच्या रांगा स्वयंचलित उपकरण असलेल्या गाड्यांसाठी असतात, तिथे जाऊ नये. नाणी-नोटांचे चित्र असलेली पांढरी अथवा कार्डाची निळी रांग धरावी. चुकून पिवळ्या रांगेत शिरलात तर गाडी मागे घेऊ नये. मदतीचे बटण दाबावे अथवा सरळ पुढे जाऊन नंतर रक्कम भरावी. व्हिया एमिलियाचा जुना रस्ता मात्र विनाटोल आहे. तो सलग सुंदर आहे असे म्हणता येणार नाही: गोदामे, पेट्रोलपंप आणि सिग्नल यांची त्यावर रेलचेल आहे. बोलोन्याहून पार्माला जाताना मोटरवे घ्यावा, आणि शहराशहरांमधली छोटी अंतरे जुन्या रस्त्याने कापावीत.

पेट्रोलला तिथे ‘बेंझिना’ म्हणतात आणि डिझेलला ‘गाझोलियो’. पंपावर दोन दर लिहिलेले असतात. कर्मचाऱ्याने भरून दिले तर जास्त, स्वतः भरले तर कमी. उभ्या करण्याच्या जागेची खूण रंगाने कळते: पांढरी रेघ फुकट, निळी सशुल्क, पिवळी राखीव. पांढऱ्या रेघेजवळ कधी घड्याळाचे चित्र असते; तेव्हा आल्याची वेळ दाखवणारी पुठ्ठ्याची चकती काचेमागे ठेवावी लागते आणि ती बहुधा गाडीतच असते.

आता सापळा. इटलीतल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या शहराचा गाभा मर्यादित वाहतुकीचा विभाग असतो. त्याच्या तोंडाशी लाल वर्तुळ असलेला पांढरा फलक असतो, त्यावर तीन इंग्रजी अक्षरे असतात, झेड, टी आणि एल, आणि वर कॅमेरा. परवानगी नसलेली गाडी आत गेली की नंबरपाटीचा फोटो निघतो. अडवायला कोणी पोलीस नसतो, म्हणून चूक झाली हे कळतही नाही. काही ठिकाणी प्रकाशफलकावर ‘व्हार्को आत्तिव्हो’ अशी अक्षरे चमकतात. ‘व्हार्को’ म्हणजे प्रवेशद्वार आणि ‘आत्तिव्हो’ म्हणजे चालू, याचा अर्थ दार उघडे आहे असा आम्ही पहिल्या प्रवासात लावला. चालू होता तो कॅमेरा. रस्ता मोकळा असतो तेव्हा ‘नॉन आत्तिव्हो’ लिहिलेले असते. त्या चार सेकंदांची किंमत आम्हाला सात महिन्यांनी कळली: गाडी देणाऱ्या कंपनीने आमचा पत्ता कळवल्याबद्दलचे शुल्क कार्डावरून आधीच कापले होते, आणि पालिकेची दंडाची नोटीस नंतर घरी आली.

यावर उपाय सोपा आहे. नकाशाच्या ॲपमध्ये शहराच्या मध्याचा पत्ता न टाकता विभागाबाहेरच्या वाहनतळाचा पत्ता टाकावा आणि शेवटचे दहा मिनिटांचे अंतर चालावे. मुक्कामच विभागात असेल तर हॉटेलला गाडीचा क्रमांक आधी कळवून तो पालिकेकडे नोंदवायला सांगावे आणि नोंदवल्याचे लेखी उत्तर मागावे. सर्वांत उत्तम म्हणजे शहराबाहेरच्या शेतघरात राहावे. अशा शेतघर-निवासाला ‘अग्रितुरिझ्मो’ म्हणतात. तिथे गाडीला जागा असते आणि जेवण बहुधा त्याच शेतातले असते.

बोलोन्या: पायी दोन दिवस

इटालियन लोक या शहराला विद्वान, गुबगुबीत आणि लाल अशी तीन विशेषणे देतात: 1088 पासूनचे विद्यापीठ, इथले खाणे आणि इथल्या विटांचा रंग. शहरात एकूण 62 किलोमीटर लांबीचे छत असलेले पदपथ आहेत आणि 2021 मध्ये त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. गावाबाहेरच्या टेकडीवरील सान लुका मंदिरापर्यंत असाच 666 कमानींचा चढता पदपथ जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चढावा, म्हणजे विमानप्रवासाची झोप उतरते आणि भूकही लागते. दोन प्रसिद्ध मनोऱ्यांपैकी गारिसेंदाच्या मजबुतीकरणामुळे शेजारच्या आसिनेल्लीवर चढणे 2023 पासून बंद आहे, तेव्हा त्या 498 पायऱ्यांची आशा ठेवू नये. सान पेत्रोनियोच्या चर्चमध्ये मात्र अवश्य जावे: 1655 मध्ये खगोलशास्त्रज्ञ कासिनीने जमिनीवर आखलेली मध्यान्हरेषा तिथे आहे, आणि छतातल्या छिद्रातून येणारा सूर्याचा कवडसा दुपारी तिच्यावरून सरकतो.

‘स्पागेत्ती बोलोन्येज’ बोलोन्यात मागू नये. इथला रागू, म्हणजे मांसाचा दाट रस्सा, रुंद, अंड्याच्या ताल्यातेल्लेवर वाढतात. त्या पट्टीची रुंदी शिजल्यावर 8 मिलिमीटर असावी, असे इटालियन पाककला अकादमीने 1972 मध्ये शहराच्या वाणिज्य मंडळाकडे रीतसर नोंदवून ठेवले आहे. पुरणपोळीच्या जाडीची अशी नोंद आपण कुठल्या कचेरीत करू शकू, यावर आम्ही एक अख्खे जेवण वाद घातला. मुख्य चौकालगतच्या क्वाद्रिलातेरो या गल्ल्यांत सकाळी दुकानांच्या काचेमागे बायका लांब लाटण्याने पोळीसारखी पातळ पारी लाटताना दिसतात.

शाकाहारी व्यक्तीने आधी ठरवायच्या गोष्टी

हा विषय पार्माला पोहोचण्यापूर्वीच मिटवावा, कारण तिथे पहिल्या सकाळी चीजच्या कारखान्यात उभे राहिल्यावर तो काढणे सोयीचे नाही. पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने गोठवतात. नियमानुसार दुसरे काही वापरताच येत नाही. त्यामुळे काटेकोर शाकाहारी व्यक्तीला हे चीज, आणि ते घातलेले जवळपास सगळे पास्त्याचे प्रकार, वर्ज्य ठरतात. दुसरी बाब अंड्याची: या प्रांतातला ताजा पास्ता अंड्यातच मळतात, अंडे नको असेल तर सुका पास्ता मागावा. तिसरी, आणि सर्वांत फसवी, डुकराच्या चरबीची. ती ‘स्त्रुत्तो’ या नावाने रोटीच्या पिठात आणि तळण्यात असते. चौथी बाब म्हणजे मांसाचे पाणी. भाज्यांचे सूप म्हणून समोर येते ते अनेकदा त्याच पाण्यात शिजलेले असते.

नुसते ‘सेन्झा कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, असे सांगून भागत नाही, कारण हॅमचे तुकडे अनेकांच्या लेखी मांसात मोडत नाहीत. ‘नॉन मांजो कार्ने, ने पेशे, ने प्रोश्युत्तो’ म्हणजे मांस, मासे, हॅम यांतले काहीच खात नाही, हे वाक्य पाठ करावे. ‘चे स्त्रुत्तो?’ म्हणजे चरबी आहे का, आणि ‘चे ब्रोदो दि कार्ने?’ म्हणजे मांसाचे पाणी आहे का, हे दोन प्रश्न पदार्थ मागवण्यापूर्वी विचारावेत. लोक मनापासून उत्तर देतात. स्वयंपाकघरात जाऊन विचारून येणारे वाढपी आम्हाला वारंवार भेटले. मी स्वतः वासराचे रेनेट चालवून घेते, आणि तो माझा निर्णय आहे. परंतु तो निर्णय मुंबईतच झालेला असावा.

पार्मा: सकाळी चीज, दुपारी घुमट

चीज बनते पहाटे आणि सकाळी, त्यामुळे कारखान्याची भेट साडेआठ-नऊच्या सुमारास असते. तिथे शनिवार-रविवार पाळले जात नाहीत, कारण गायी पाळत नाहीत. उत्पादक संघाच्या संकेतस्थळावरून काही आठवडे आधी वेळ ठरवावी. कारखान्याला ‘काझेइफीचो’ म्हणतात. बंद बूट घालावेत, जमीन ओली असते.

आत जे दिसते ते समजण्यासाठी थोडी पूर्वकल्पना असावी. आदल्या संध्याकाळचे दूध रात्रभर पसरट टाक्यांत ठेवून वरची साय काढतात, सकाळचे ताजे दूध त्यात मिसळतात आणि घंटेच्या आकाराच्या तांब्याच्या कढईत घालतात. आदल्या दिवसाची निवळी विरजणासारखी घालायची, मग रेनेट. दही घट्ट झाले की तारांच्या गोलाकार रवीने ते तांदळाच्या कणीएवढे फोडायचे आणि सुमारे 55 अंशांपर्यंत तापवायचे. कण तळाशी बसून एकजीव होतात. तेव्हा दोन माणसे तो गोळा लाकडी फावड्याने वर आणून कापडात घेतात आणि त्याचे दोन तुकडे करतात. त्या दोघांना जुळे म्हणतात. चक्का बांधताना पाहिलेल्या मराठी माणसाला यातले निम्मे परिचयाचे वाटते. चीजच्या एका गोल चाकाला सुमारे 550 लिटर दूध लागते आणि त्याचे वजन 40 किलोच्या आसपास भरते. मिठाच्या पाण्यात जवळपास वीस दिवस पोहल्यानंतर ते फळ्यांवर चढते आणि किमान बारा महिने तिथे राहते. बारा महिन्यांनी तपासनीस लहान हातोडीने प्रत्येक चाक ठोकून आवाज ऐकतो. आत पोकळी अथवा चीर असेल तर ती कानाला कळते आणि त्या चाकावरची ठिपक्यांची नाममुद्रा पुसली जाते.

चाखताना 12, 24 आणि 36 महिन्यांचे तुकडे शेजारी ठेवायला सांगावेत. पहिल्यात दूध लागते, दुसऱ्यात सुकामेवा, आणि तिसऱ्यात दाताखाली कचकचणारे पांढरे कण येतात. ते मीठ नसून प्रथिनांपासून तयार झालेले स्फटिक असतात. विकत घेताना निर्वात पॅकिंग मागावे.

दुपार शहरासाठी. गुलाबी संगमरवरी बाप्तिस्मागृह आणि शेजारच्या कॅथेड्रलच्या घुमटातले कोर्रेज्जोचे स्वर्गारोहणाचे चित्र यांसाठी दोन तास द्यावेत. घुमटाखाली मान वर करून उभे राहिले की ढगांतून लोंबणारे पायच पाय दिसतात. पुढच्या दिवशी दक्षिणेला लांगिरानोकडे जावे. वाटेत तोर्रेक्याराचा किल्ला आहे, आणि लांगिरानोच्या टेकड्यांत उंच अरुंद खिडक्यांच्या इमारतींत पार्मा हॅम वाऱ्यावर सुकते. ती भेट नवऱ्याने घेतली. मी खाली अंगणात बसून तोर्तेल्ली द’एर्बेत्ता खाल्ल्या, म्हणजे रिकोत्ता हे मऊ चीज आणि चार्ड नावाची पालेभाजी भरलेल्या, लोण्यात भिजलेल्या चौकोनी पुड्या. आपापल्या आवडीसाठी दिवसातला तासभर वेगळे व्हावे, हे जोडप्याच्या प्रवासाचे एक न सांगितले जाणारे कलम आहे.

वायव्येला बुस्सेतोजवळ रोन्कोले या खेड्यात संगीतकार व्हेर्दीचे जन्मघर आहे. संगीताची ओढ असेल तरच ते करावे, नाहीतर तिसरा दिवस रेज्जोच्या बाजारात घालवावा.

मोदेना: मुरवण्याची कला

पार्मा ते मोदेना हे पन्नास-पंचावन्न किलोमीटर जुन्या रस्त्यानेच जावे आणि शहराबाहेर गाडी ठेवावी. 1099 मध्ये बांधकाम सुरू झालेले कॅथेड्रल, गिर्लांदिना मनोरा आणि पियाझ्झा ग्रान्दे 1997 पासून जागतिक वारसा आहेत. दर्शनी भिंतीवर व्हिलिजेल्मोने कोरलेल्या उत्पत्तीच्या कथा डोळ्यांच्या उंचीवर असल्याने निवांत वाचता येतात. जवळच आल्बिनेल्ली हा छत असलेला बाजार आहे. दुपारचे जेवण तिथून बांधून घ्यावे. गाड्यांचे वेड असलेल्या जोडीदाराला माराणेल्लोच्या फेरारी संग्रहालयासाठी अर्धा दिवस द्यावा, म्हणजे उरलेला अर्धा आपला.

बाल्सामिकच्या बाबतीत बाटलीवरचे नाव नीट वाचावे. ‘अचेतो बाल्सामिको दि मोदेना’ हे द्राक्षाचा रस आणि वाइनचा सिरका यांचे मिश्रण असते आणि ते किमान साठ दिवसांत तयार होते. सॅलडसाठी ते उत्तमच आहे. परंतु नावात ‘त्रादित्स्योनाले’ हा शब्द असेल तर तो फक्त आटवलेला द्राक्षरस असतो आणि किमान बारा वर्षे मुरलेला असतो. ‘एक्स्त्राव्हेक्यो’ असेल तर पंचवीस. मोदेनाची ही 100 मिलिलिटरची गोल पोटाची बाटली जोर्जेत्तो जुजारो या मोटारींच्या आरेखनकाराने घडवली, आणि प्रत्येक उत्पादकाला तीच वापरावी लागते.

हे मुरवण्याचे घर म्हणजे ‘अचेताया’, आणि ते बहुधा पोटमाळ्यावर असते, कारण उन्हाळ्याचा ताप आणि हिवाळ्याची थंडी या दोन्हींची गरज असते. ओक, चेस्टनट, चेरी, तुती, जुनिपर अशा वेगवेगळ्या लाकडांची पिंपे मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने मांडलेली असतात. वर्षातून एकदा सर्वांत लहान पिंपातून थोडे काढायचे, ती तूट शेजारच्या पिंपातून भरायची, त्याची त्याच्या शेजारच्यातून, आणि शेवटच्या मोठ्या पिंपात नवा आटवलेला रस घालायचा. मुलीच्या जन्माला अशी ओळ मांडून तिच्या लग्नात ती देण्याची प्रथा जुन्या घरांतून सांगतात. भेट आधी ठरवावी. अनेक अचेताया म्हणजे घरेच आहेत. स्पिलांबेर्तो गावात या विषयाचे संग्रहालयही आहे. हे बाल्सामिक शिजवायचे नाही. पार्मिजानोच्या ढेकळावर, स्ट्रॉबेरीवर अथवा व्हॅनिला आइस्क्रीमवर चार थेंब, बस. विमानात बाटली सामानाच्या पेटीत कपड्यांत गुंडाळून ठेवावी.

संध्याकाळी न्योक्को फ्रित्तो आणि तिजेल्ले मागवतात. पहिली फुगलेली चौकोनी पुरीच, दुसरी साच्यात भाजलेली जाड छोटी रोटी. दोन्हींत स्त्रुत्तोचा प्रश्न विचारायचा.

रोमान्या: भाकरीच्या देशात

बोलोन्या ओलांडून इमोलाच्या दिशेने निघाले की प्रांताचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो. घरोघरी पाणी मागत जावे, पाण्याऐवजी वाइन मिळाली की रोमान्या आला, असे तिथले लोक गमतीने सांगतात. या तीन रात्रींसाठी ब्रिसिगेल्ला हे डोंगरपायथ्याचे गाव निवडावे: तीन टेकड्यांवर घड्याळाचा मनोरा, किल्ला आणि देऊळ, आणि खाली ‘गाढवांची वाट’ नावाची कमानींची उंच गल्ली, जिच्यातून एकेकाळी जिप्समच्या खाणींतला माल नेणारी गाढवे जात. गावचे ऑलिव्ह तेल नामांकित आहे. डोंगराकडचे रस्ते वळणांचे आहेत आणि मे 2023 च्या महापुरात या भागात असंख्य दरडी कोसळल्या होत्या, म्हणून एखादा घाटरस्ता बंद आहे का हे निघण्यापूर्वी यजमानांना विचारावे.

एक दिवस राव्हेन्नाला द्यावा, पूर्ण एक दिवस. गाल्ला प्लाचिदियाची समाधी बाहेरून विटांची साधी खोली दिसते. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावतात आणि पाचव्या शतकातले गडद निळे छत सोनेरी ताऱ्यांसकट उजळत जाते. आत थांबायला मोजकी मिनिटेच मिळतात आणि वेळ आधी राखून ठेवावी लागते. शेजारच्या सान व्हिताले चर्चमध्ये सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा मोझेकमधून समोरासमोर उभे आहेत. कवी दान्ते 1321 मध्ये याच शहरात वारला आणि त्याची कबर इथेच आहे.

दुसऱ्या दिवशी फाएन्झाचे मातीकामाचे संग्रहालय पाहून रिमिनीला जावे. तिथला तिबेरियुसचा पूल इसवी सन 21 मध्ये पुरा झाला आणि अजून भक्कम उभा आहे. ऑगस्टसची कमान इसवी सनपूर्व 27 मधली. मात्र माझ्या दृष्टीने रोमान्याचे खरे स्मारक म्हणजे रस्त्याकडेच्या टपरीवरची पियादिना. मैदा, चरबी अथवा ऑलिव्ह तेल, मीठ आणि पाणी. गोळा लाटायचा आणि तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायचा. मोन्तेतिफ्फी या डोंगरगावात त्यासाठी आजही मातीचे तवे घडवतात. आपल्याकडच्या खापराचे ते सख्खे भावंड. राव्हेन्ना आणि फोर्लीकडे पियादिना जाड आणि छोटी, रिमिनीला पातळ आणि मोठी. ‘कॉन ओलियो’, म्हणजे तेलातली, असे सांगावे. आत भाजलेल्या भाज्या, अथवा चालत असेल तर स्क्वाक्वेरोने हे लोण्यासारखे मऊ चीज आणि रुकोला ही किंचित तिखट पालेभाजी. बारा दिवस पोळी न मिळाल्याने कासावीस झालेली मंडळी मी पाहिली आहेत. त्यांनी थेट रिमिनी गाठावी.

खाणावळीतले काही बारकावे

बिलात माणशी एक ते तीन युरोंचे ‘कोपेर्तो’ असते. ते टेबलाचे आणि पावाचे शुल्क, त्यावर टिप देण्याची सक्ती नाही. रात्रीचे जेवण साडेसातपूर्वी मिळत नाही, म्हणून पाच वाजता काहीतरी पोटात जाईल अशी व्यवस्था गाडीत असावी. दोघांत एक पास्ता आणि एक मुख्य पदार्थ वाटून घेतला तर कोणी वाईट मानत नाही. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त पडते.

गाडी परत करताना

रिमिनी ते बोलोन्या विमानतळ हे अंतर मोटरवेने सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, पण उन्हाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी समुद्रावरून परतणाऱ्या गाड्यांनी तो तुंबलेला असतो. विमान त्या वेळेचे घेऊ नये. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत टाकी भरावी आणि पावती जपून ठेवावी. शक्यतो कर्मचारी हजर असतानाच गाडी सोपवावी आणि गाडीला नुकसान नसल्याचे लेखी घ्यावे. प्रवासात कुठल्या दिवशी कुठल्या शहरात होतो याची टिपण-वही फेकून देऊ नये, कारण दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनीही येऊ शकते. नोटिशीवरची तारीख, वेळ आणि रस्त्याचे नाव वहीशी ताडून पाहावे. चूक आपलीच असेल तर नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत रक्कम भरावी. सर्वसाधारणपणे 30 टक्के सूट मिळते.